पेन्शन नाकारलेली फियाट

"किती खर्च आला?" हा प्रश्न गेल्या वर्षभरात मला निदान चाळीस नातेवाइकांनी विचारला. त्याच्या खालोखाल "विकायची आहे का?" आणि तिसऱ्या क्रमांकावर नुसतंच "पण का?" पहिल्याचं उत्तर इथे देत नाही, कारण हे पान सौ. पण वाचते. दुसऱ्याचं उत्तर 'नाही'. तिसऱ्याचं उत्तर फोनवर नीट सांगता येत नाही, दर वेळी मी एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर घसरतो आणि समोरचा "बरं, ठेवतो मग" म्हणतो. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. पुढच्या लग्नात कुणी विचारलं की हे वाचा म्हणून सांगायला बरं.

तर आमची गाडी म्हणजे १९७१ सालची फियाट ११०० डिलाइट. तरुण मंडळींसाठी खुलासा: तुम्ही जिला 'पद्मिनी' म्हणता, जी काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात तुम्ही सिनेमात आणि मुंबईच्या रस्त्यांवर पाहिली, तिचंच हे आधीचं नाव. जन्म इटलीतला, पण वाढ पुरती कुर्ल्यातली. फियाटचं हे ११०० घराणं १९५३ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आलं. दांते जाकोसा नावाच्या इंजिनिअरची ती कामगिरी. लगेच पुढच्या वर्षी, १९५४ मध्ये, ती गाडी कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये तयार व्हायला लागली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली काढलेली ही कंपनी. आधी तिथे डॉज, डिसोटो, प्लायमाउथ असल्या अमेरिकन धुडांची जुळणी व्हायची.

सुरुवातीची गोलमटोल फियाट, जिची पुढची दारं उलटी उघडायची, तिला मुंबईने 'डुक्कर फियाट' असं नाव ठेवलं. (नावं ठेवण्यात आपला हात कोण धरणार!) १९६४ मध्ये चौकोनी अंगाची डिलाइट आली. पुढे तीच 'प्रीमियर प्रेसिडेंट' झाली आणि १९७४ मध्ये चितोडच्या राणीचं नाव घेऊन 'पद्मिनी'. इटलीत हे मॉडेल साठच्या दशकातच निवृत्त झालं. आपल्याकडे त्याच १०८९ सीसीच्या इंजिनाने, स्टिअरिंगच्या दांड्याला लावलेल्या त्याच गिअरने जवळजवळ विसावं शतक संपेपर्यंत संसार केला.

आमच्या घरात ही गाडी आणली मोठ्या काकांनी. ते बँकेत होते. त्या काळात गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. काकू म्हणायच्या, "तुझ्या ताईच्या आधी नाव नोंदवलं आणि ती चालायला लागली तेव्हा गाडी आली." माझे बाबा त्याच कुर्ल्याच्या कारखान्यात होते, पेंट शॉपमध्ये. १९६८ साली लागले. रोज सकाळी मुलुंडहून लोकल पकडायची, विद्याविहारला उतरायचं आणि चालत कारखाना गाठायचा. म्हणजे एक भाऊ गाडी रंगवणारा आणि दुसरा गाडी घेणारा. त्यातून आमच्या घराण्यात एक दंतकथा तयार झाली, की काकांची गाडी बाबांनीच रंगवली होती. आत्या तर ही गोष्ट अशी रंगवून सांगते की जणू तिनेच ब्रश धुवून दिला होता. बाबांना विचारलं की ते एकच सांगतात, "अरे, एकामागून एक गाड्या यायच्या. मला काय माहीत कुठली कुणाकडे गेली?" त्यांनी ही दंतकथा कधी मान्य केली नाही. आणि आम्ही ती कधी सोडली नाही.

काकांनी ती वापरली, मग थोडे दिवस चुलतभावाने, आणि १९९५ च्या सुमाराला ती मुलुंडला आमच्याकडे आली. माझ्या बायकोची माप ओलांडायची वेळ झाली तेव्हा ती याच गाडीतून उतरली. लेक हॉस्पिटलमधून घरी आली ती याच गाडीतून. २०१३ मध्ये नवीन छोटी गाडी आली आणि फियाट सोसायटीच्या मागच्या भिंतीला जी लागली ती लागलीच. वर ताडपत्री, ताडपत्रीवर कावळे. मुलं क्रिकेट खेळताना तिला फाइन लेग धरत.

तशी ती अजून दहा वर्षं राहिली असती. पण २०२४ च्या दिवाळीत सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटचं अखेर ठरलं. मुंबईच्या उपनगरात राहणाऱ्यांना या शब्दाचा अर्थ सांगायला नको. मे अखेर घरं रिकामी करायची, आणि त्याआधी आवारातल्या बंद गाड्या हलवायच्या. नोटीस बोर्डावरच्या यादीत 'बंद वाहने' या मथळ्याखाली दोन स्कूटर, एक सायकल (!) आणि आमची फियाट. भंगारवाला येऊन गेला. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, मडगार्डवर टकटक केलं आणि वजनावर भाव सांगितला, सत्तावीस हजार. बाबा गॅलरीतून बघत होते. वर आलो तर त्यांनी एवढंच विचारलं, "किलोने मागितली का रे?"

आता ७८ वर्षांच्या माणसाने हे ज्या आवाजात विचारलं, त्यानंतर खर्चाचा हिशेब वगैरे करण्यात अर्थ नव्हता. हातात साडेसहा महिने होते. गाडी स्वतःच्या चाकांवर फाटकाबाहेर गेली पाहिजे, एवढंच ठरलं.

मला गाड्यांची हौस आहे, पण मी मेकॅनिक नाही. आठवड्याचे पाच दिवस कॉम्प्युटरसमोर बसणारा माणूस. तेव्हा पहिला शोध मिस्त्रीचा. नव्या गाड्यांची गॅरेजं पायलीला पन्नास, पण फियाट म्हटलं की ती पोरं हसतात. त्यांच्याकडे गाडीला कॉम्प्युटर लावून तो काय सांगतो ते बघतात, आणि हिला लावायला भोकच नाही. शेवटी कुर्ल्याचे एक चाचा सापडले. उभं आयुष्य टॅक्सीलाइनमध्ये गेलेलं. दर रविवारी लोकलने यायचे, खांद्याला एक रेक्झिनची पिशवी, त्यात मोजून नऊ पाने. गाडी बघून म्हणाले, "इंजिन जाम है, पत्रा सडेला है, बाकी माल अच्छा है." मी म्हटलं, बाकी उरलं काय? ते म्हणाले, "नियत."

जाम झालेलं इंजिन सोडवणं हे थेट आजीबाईच्या बटव्यातलं काम आहे. चारही स्पार्क प्लग काढायचे, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं ऑइल आणि रॉकेलसारखं पातळ काहीतरी सोडायचं आणि गप्प बसायचं. दोन दिवसांनी पुन्हा थोडं. मग गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून पुढे-मागे हलकेच डोलवायची. जोर लावायचा नाही, कारण अडकलेली पिस्टन रिंग मोडली तर सगळं इंजिन उघडावं लागतं. आम्ही अकरा दिवस तिला तेल पाजलं. बाराव्या दिवशी डोलवताना बाबा एकदम म्हणाले, "थांब. सुटली." मला काहीच कळलं नव्हतं. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला होता, हाताला कळलं.

मग ब्रेक. या गाडीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत आणि प्रत्येक ड्रमच्या आत एक छोटा सिलिंडर, ज्यातली रबरं अकरा वर्षांत खडूसारखी झाली होती. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि मुंबईच्या हवेत पाण्याला काय तोटा? आतून सगळा गंज. सिलिंडर बदलले, पाइप बदलले. त्यानंतर ब्रेकमधली हवा काढायची, आणि याला दोन माणसं लागतातच. एक पेडलवर, एक गाडीखाली. सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात. वरच्याने पेडल दाबून धरायचं, खालच्याने निपल सैल करायचं, बुडबुडे बाहेर, निपल बंद, मग पेडल सोडायचं. चाचांनी मला गाडीखाली घातलं आणि बाबांना सीटवर बसवलं. तो पूर्ण रविवार आम्ही बापलेक "दाबा", "धरलंय", "सोडा" या तीन शब्दांवर बोललो. खरं सांगायचं तर त्याआधीच्या कित्येक वर्षांत आमचं सलग एवढं बोलणं झालं नव्हतं. माझ्या आणि त्यांच्यामध्ये गाडीचा तळ होता, हेही सोयीचंच होतं.

लेकीने डेल्को घेतला. (डिस्ट्रिब्युटरला सगळे मिस्त्री डेल्कोच म्हणतात.) आतल्या पॉइंटची फट अर्ध्या मिलिमीटरहून जराशी कमी ठेवायची असते, आणि ते काम बारीक बोटांचं. चाचांनी तिला दोनदा दाखवलं, तिसऱ्यांदा तिने केलं. करंट कुठल्या सिलिंडरला कधी पोचतो तो क्रम १-३-४-२ असा तिने खडूने सोसायटीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवला. नवीन सेक्रेटरींना वाटलं बिल्डरच्या माणसांनी काही मोजमाप लिहिलंय. त्यांनी ते पुसू नका म्हणून वॉचमनला बजावलं!

सुट्या भागांची कथा मात्र वेगळी, आणि थोडी वाईट वाटायला लावणारी. मी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर फिरलो, ऑपेरा हाऊसच्या दुकानांत फिरलो, एक शुक्रवार चोरबाजारात घालवला. वीस वर्षांपूर्वी फियाटचा कुठलाही भाग मागा, दुकानदार वर न बघता काढून द्यायचा. याचं कारण आम्ही हौशी लोक नव्हतो. याचं कारण टॅक्सी. रोज हजारो टॅक्सी रस्त्यावर होत्या म्हणून कुणीतरी ब्रेकची रबरं बनवत होतं, कुणीतरी काचेच्या कडेची बीडिंग ओतत होतं, आणि चाचांसारखे शेकडो हात तयार होत होते. आधी पंचवीस आणि मग २०१३ मध्ये वीस वर्षांची वयोमर्यादा टॅक्सींना लागली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत नोंदवली गेली होती २९ ऑक्टोबर २००३ ला. हिशेब सरळ होता. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यावर काळी-पिवळी पद्मिनी नाही.

तेव्हा पेपरात मोठमोठे फोटो आले, लोकांनी हळवं बरंच लिहिलं. मला त्यातलं खरं नुकसान समजलं ते ऑपेरा हाऊसच्या एका दुकानात. मालक म्हणाले, "फियाटचा उरलेला माल घेऊन जा, मी परत मागवणार नाही." त्यांचा दोष नाही. माळ्यावर धूळ खात पडलेल्या वॉटर पंपाचं ते तरी काय करणार? एखादं मॉडेल मरतं ते कारखाना बंद होतो त्या दिवशी नाही. ते मरतं रबराचा चार आण्याचा वॉशर मिळेनासा होतो तेव्हा. क्यूबात म्हणे अमेरिकेतून माल यायचा बंद झाला तरी साठ-साठ वर्षं जुन्या गाड्या मिळेल ते लावून लोक चालवतात, कारण दुसरा इलाज नसतो. आपल्याकडे इलाज आहे, म्हणून कला विसरायला वेळ लागणार नाही. चाचांचा मुलगा मोबाइल दुरुस्त करतो. चांगलं चाललंय त्याचं. मी दोन वॉटर पंप घेतले. एक लावायला, एक लेकीसाठी.

आता पत्रा. मुंबईत जुन्या गाडीचा खरा शत्रू इंजिन नव्हे, गंज. पावसाळ्याचे चार महिने आणि वर खारी हवा. रबर मॅट उचलली तर ड्रायव्हरच्या पायाखालून जमीन दिसत होती. पत्रेवाल्याने सडलेला भाग कापून नवीन पत्रा जोडला, आणि मग आलं रंगकाम. इथे घरात दोन पक्ष पडले.

माझं म्हणणं होतं, गाडी अगदी कारखान्यातून निघाली तशी करायची. मी इंटरनेटवरून जुनी माहितीपत्रकं उतरवून घेतली होती, स्क्रूची डोकीसुद्धा मूळ पद्धतीची हवी होती. डॅशबोर्डमध्ये चुलतभावाने १९८६ मध्ये कॅसेट प्लेअर बसवायला कापलेलं भोक मला बुजवायचं होतं. मागच्या दारावर काकांनी माथेरानला जाताना नेरळला पाडून घेतलेला पोचा काढायचा होता.

बाबा म्हणाले, "भोक का बुजवायचं? त्यात मी चष्मा ठेवतो."

"अहो बाबा, पण ओरिजिनल..."

"ओरिजिनल म्हणजे कधीची? दादाने घेतली त्या दिवशीची? मग तुझं लग्न कुठल्या गाडीत झालं?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि अजून पूर्ण नाहीये. जुनी वस्तू दुरुस्त करताना तुम्ही तिला कुठल्या तरी एका तारखेला परत नेत असता. ती तारीख कोण ठरवणार? १९७१ ला नेली तर काकांचा पोचा जातो, चुलतभावाचं भोक जातं, आईने मागच्या काचेवर चिकटवलेला शिर्डीचा स्टिकर जातो. आजचीच ठेवली तर गंजही ठेवावा लागतो. आम्ही प्रत्येक गोष्टीवर वेगवेगळा तह केला. गंज गेला. पोचा गेला (मत माझं, नाराजी आत्याची). भोक राहिलं, चष्म्यासकट. स्टिकर राहिला.

आणि रंग. गाडी तेव्हा मरून होती. घासायला लागल्यावर मरूनच्या खाली क्रीम निघाला, क्रीमच्या खाली एक फिका हिरवट-करडा. झाडाच्या खोडात वर्षांची वर्तुळं असतात तसे थर. घासकामाला बाबांनी कुणालाच हात लावू दिला नाही. खुर्ची टाकून बसायचे, बादलीत पाणी, पाण्यात बुडवलेला पॉलिशपेपर, आणि दाराच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्याकडे एका लयीत हात. तासाला दहा मिनिटं विश्रांती. पुट्टी घासून झाली की डोळे मिटून तळवा फिरवायचे. "डोळ्याला फसवता येतं, हाताला नाही," हे त्या काळात आम्ही रोज ऐकलं. पेंटरने पहिल्या दिवशी "काका, तुम्ही बसा" म्हटलं, तिसऱ्या दिवशी तो "साहेब, हे बघता का" म्हणायला लागला.

डिकीचं अस्तर काढलं तेव्हा आत, बिजागरीच्या मागे, वहीच्या पानाएवढा पत्रा निघाला ज्यावर पुढचे दोन्ही रंग कधी पोचलेच नव्हते. तो मूळ हिरवट-करडा, चोपन्न वर्षांचा. नुसत्या फडक्याने पुसला तर चमकला. आम्ही सगळे बाबांकडे बघायला लागलो. आत्याची दंतकथा सगळ्यांच्याच मनात होती, पण विचारलं कुणी नाही. बाबांनी अंगठा फिरवला. वाकून कडेला रंग कसा उतरलाय ते पाहिलं. मग पेंटरला म्हणाले, "हा एवढा सोडून बाकीचं मार." बस्स. गाडी आता पुन्हा त्याच हिरवट-करड्या रंगाची आहे आणि डिकीत वहीच्या पानाएवढा तुकडा तसाच आहे. कोणाच्या हातचा, ते विचारू नका.

शेवटचा प्रश्न कागदांचा. २०२१ साली केंद्र सरकारने मोटार वाहन नियमांत बदल करून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी 'विंटेज' नोंदणीची सोय केली. आमच्या गाडीला त्याच वर्षी पन्नास पूर्ण झाली, जणू तिच्याच वाढदिवसाची भेट. आधीपासून नोंद असलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, नव्याने नोंद होणारीला नंबरमध्ये 'व्हीए' ही अक्षरं मिळतात. मला ते फार आवडलं होतं. मान होता, कागदावर शिक्का होता. पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच बाहेर काढायची.

बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी पेपर खाली ठेवला. "म्हणजे पेन्शन."

"पेन्शन नाही हो, सन्मान."

"मलापण शाल दिली होती शेवटच्या दिवशी. दुसऱ्या दिवशी गेटच्या आत सोडलं नाही." हे ते चेष्टेत म्हणाले. पण पुढचं चेष्टेत नव्हतं. "अरे, ही गाडी चालायला बनवली होती. भाजी आणायला, माणसं न्यायला. बघायला नव्हती बनवली."

म्हणून आम्ही साधा रस्ता घेतला. नेहमीच्या नोंदणीचं नूतनीकरण, मागची थकबाकी, विमा, पीयूसी आणि मुलुंडकरांच्या नशिबातली वडाळ्याच्या आरटीओची वारी. पाच वर्षांनी पुन्हा हेच करायचं. पाच वर्षांनी नियम काय असतील, पेट्रोल कसं असेल, सांगता येत नाही. पेट्रोलची चिंता आत्ताच आहे. २०२३ पासून पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं आणि आता ते सगळीकडे तेच मिळतं. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, हवेतलं पाणी ओढून टाकीला गंज आणतं. म्हणून टाकी आतून साफ केली, पेट्रोलचे सगळे पाइप इथेनॉल सोसणारे घातले आणि एसी पंपाचा पडदा बदलला. (एसी पंप म्हणजे गाडीला एसी आहे असं नव्हे. मिस्त्री पेट्रोल पंपाला तसं म्हणतात. गाडीचा एसी म्हणजे पुढच्या दाराची ती छोटी तिरकी काच.) शिवाय मे महिन्यात ट्रॅफिकमध्ये पंपातलं पेट्रोल उकळून गाडी बंद पडायची जुनी सवय आहेच. त्यावरचा उपाय टॅक्सीवाल्यांनी पन्नास वर्षांपूर्वीच शोधलाय, पंपावर ओलं फडकं. ते फडकं आणि पाण्याची बाटली आमच्या गाडीत कायम असते.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात गाडी फाटकाबाहेर पडली. स्वतःच्या चाकांवर. नोटीस बोर्डावरच्या यादीतलं तिचं नाव लेकीने पेनाने खोडलं. मी विचारलं, "बाबा, कुठे जायचं?" मला वाटलं देवळात म्हणतील. ते म्हणाले, "कुर्ला."

एलबीएस मार्गाने मेट्रोच्या खांबांच्या कडेकडेने भांडुप, विक्रोळी, घाटकोपर. दोनदा फडकं ओलं केलं. सिग्नलला एक रिक्षावाला वाकून म्हणाला, "बेचनेका है क्या?" बाबा म्हणाले, "चलानेका है." मग डावीकडे आत वळलो. कारखाना होता तिथे आता कोहिनूर सिटी आहे, उंच इमारती, शाळा, हॉस्पिटल. रस्त्याचं नाव तेवढं अजून प्रीमियर रोड. मला धास्ती होती की बाबांना त्रास होईल. त्यांनी खिडकीबाहेर हात काढून एका इमारतीकडे बोट दाखवलं. "साधारण तिथे पेंट शॉप होतं." मग जरा वेळाने, "गाड्या या बाजूने बाहेर पडायच्या." आणि मला म्हणाले, "चल, पुढे घे. मागे लोक खोळंबलेत."

गाडी सध्या आमच्या भाड्याच्या घराजवळ एका ओळखीच्यांच्या शेडमध्ये असते. नव्या टॉवरमध्ये पार्किंग यंत्राचं असणार आहे, लोखंडी पाळण्यात गाडी वर-खाली जाणारं. मी नकाशावर माप काढून पाहिलं. आमची गाडी लांबीला चार मीटरच्या आत आहे, आजच्या छोट्या गाड्यांएवढीच. आरामात बसेल. दर रविवारी बाजार तिनेच होतो.

तर ज्यांना ज्यांना चक्कर मारायची आहे त्यांनी रविवारी सकाळी दहाच्या आत यावं, नंतर उन्हात ती रुसते. पुढच्या सीटवर तिघं बसतात. मागचं डावं दार लावताना किंचित उचलून लावा, आपटू नका. आणि डॅशबोर्डच्या भोकातला चष्मा हलवू नका. तो बाबांचा आहे.